'मर्ज'साठी विलीनीकरण की जोडणी?

जालनेकर: आर या संगणकभाषेत लहानमोठे तक्ते एकत्र आणायला 'मर्ज' ही आज्ञा वापरतात. टिपणांत त्याला 'विलीनीकरण' लिहावं का? उदाहरण आपल्याच मराठवाडा विभागाचं आहे: 76 तालुक्यांचा पावसाचा तक्ता आणि 8 जिल्ह्यांचा 2011च्या जनगणनेचा.

नांदेडकर: विलीनीकरण नको. मराठवाड्यात तो शब्द 1948 शी बांधलेला आहे, निजामाचं राज्य भारतात विलीन झालं आणि वेगळं उरलं नाही. मर्जमध्ये दोन्ही मूळ तक्ते जागच्या जागी राहतात, तिसरा नवा तयार होतो. सरळ 'जोडणी' लिहा. ज्याच्यावरून ओळी जुळतात, इथे जिल्ह्याचं नाव, तो 'जुळणीचा रकाना'.

लातूरकर: जोडणी बरोबर, पण कोणती हे सांगायलाच हवं. मर्ज आहे तसं चालवलं तर दोन्हीकडे सापडलेल्याच ओळी ठेवतं. जनगणनेत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, पावसाच्या तक्त्यात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. म्हणजे 9 आणि 8 असे 17 तालुके गळाले, उरले 59, आणि सूचना काहीच नाही! ही 'समाईक जोडणी'. ऑल.एक्स = ट्रू दिलं की 76 च्या 76 राहतात, त्या 17 ओळींत लोकसंख्येच्या जागी एनए, म्हणजे 'माहिती नाही', येतं. ही 'डावी जोडणी'. डावा म्हणजे आधी लिहिलेला तक्ता.

जालनेकर: आणि ओळी वाढल्या तर?

नांदेडकर: त्याला 'फुगवटा' म्हणा. जिल्ह्यांच्या तक्त्यात नांदेड दोनदा असेल, एकदा 2001 चं आणि एकदा 2011 चं, तर नांदेडचे 16 तालुके दुप्पट होऊन 92 ओळी होतात. पुढची पावसाची बेरीज चुकलीच. डीप्लायर या आरच्या पॅकेजच्या 1.1.0 आवृत्तीपासून त्यातलं लेफ्ट_जॉइन, म्हणजे डाव्या जोडणीची आज्ञा, इथे इशारा देतं, मर्ज गप्प राहतं.

लातूरकर: आरच्याच सीबाइंड या आज्ञेला मात्र जोडणी म्हणू नका, ती 'चिकटवणी'. नाव न पाहता ओळीशेजारी ओळ लावते. 76 ला 8 ने पूर्ण भाग जात नाही म्हणून ती अडते. 72 तालुके असते तर त्याच 8 ओळी नऊ वेळा वापरून मोकळी झाली असती. हा धोका टिपणांत ठळक लिहाच.

नांदेडकर: जोडणीआधी ताळा घ्या. डीप्लायरचंच अँटी_जॉइन चालवलं की न जुळणाऱ्या ओळी समोर येतात. नावांपेक्षा जनगणनेचा जिल्हा क्रमांक बरा, परभणीचा 513 नाव बदललं तरी तोच. फक्त तो एकीकडे आकडा आणि दुसरीकडे मजकूर म्हणून साठवला असेल तर लेफ्ट_जॉइन तिथेच थांबतं. आधी दोन्हीकडे एकच प्रकार करून घ्या.