मदत हवी आहे : दहावीच्या गणितासाठी परळ-लालबागकडे कोणी आहे का?

आमच्या चाळीतला एक मुलगा यंदा दहावीला गणितात राहिला. बाकी सगळे विषय सुटलेत. वडील नाहीत, आई लोकांकडे पोळ्या करते. निकालापासून पोरगा 'मला कुठेतरी कामाला लावा' एवढंच म्हणतोय.

परवा त्याची वही चाळली. बीजगणिताची उदाहरणं अर्ध्यापर्यंत अगदी बरोबर. मग कुठेतरी चिन्ह चुकतं आणि तो सगळंच खोडून टाकतो. म्हटलं, "अरे, इथपर्यंत येतंय की तुला!" तर मान वर करून विचारतो, "खरंच येतंय?" हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नसावं. फार वाईट वाटलं.

बीजगणित-भूमितीचे ४०-४० आणि अंतर्गत २०, त्यात पास व्हायला ३५ लागतात. होईल त्याच्याने. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हेही घरी ठाऊक नव्हतं. पुरवणीचा फॉर्म शाळेतून भरून घेतोय.

माझी भूमिती कच्ची आहे. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी त्याच्यासोबत बसणारं कोणी आहे का? क्लासची फी परवडणार नाही, आणि गर्दीत तो मागेच बसेल. जवळपास रात्री उघडी असणारी मोफत अभ्यासिका माहीत असेल तर तीही सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी गणितात राहून पुढे शिकलं असेल, तर त्याच्याशी फोनवर पाच मिनिटं बोलाल का? माझ्यापेक्षा तुमचं त्याला पटेल.