मॅटर्निटी लीव्हवरून आले, आता माझं नेमकं काम काय? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, पुण्यात आयटीत आहे, 11 वर्षं झाली. 26 आठवड्यांची रजा संपवून जूनमध्ये जॉइन झाले तर माझी टीम दुसऱ्याकडे, आणि मी म्हणे 'सपोर्ट'ला. पगार तोच, लीड हे नाव तेच, काम मात्र काय ते कुणी सांगत नाही. एक मॅनेजर म्हणतो रिपोर्ट कर, दुसरा म्हणतो तो सोड क्लायंट कॉल घे, आणि दोघांचं अर्जंट संध्याकाळी साडेसहालाच, तेव्हाच पाळणाघरातून ताईंचा फोन, "बाळ रडतंय, निघालात का?" परवा कॉल म्यूट करून जिन्यात उभी राहून रडले. वर वाढदिवसाचे केक, फेअरवेलची वर्गणी हे आपसूक माझ्याकडे, (पुरुषांना केक कापता येत नाही बहुतेक).

कायद्यात 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर आणि दिवसात 4 वेळा बाळाकडे जायची मुभा आहे हे माहितीये, आमच्याकडे पाळणाघराचा फक्त बोर्ड आहे. एचआरला मेल करू का? कामाचं स्वरूप लेखी मागितलं तर अप्रेझलमध्ये डूख धरतील का? कुणी असं केलंय का, मेलमध्ये नेमकं काय लिहिलंत? नवरा म्हणतो सोडून दे, ते सोडून काहीही सांगा प्लीज.