ढगांआडचा एनडीव्हीआय गाऊसियन प्रोसेसने भरावा का?

मृगधारा
सेंटिनेल-२ या उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी फेरी मारते, तरी जुलै-ऑगस्टात मराठवाड्यातल्या सोयाबीनचं स्वच्छ दृश्य महिना-महिना मिळत नाही. ती पोकळी सरळ रेषेने जोडून एनडीव्हीआयचे (पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक) नकाशे काढणं थांबवा. मॅटर्न कर्नलची (दोन तारखांची मूल्यं किती जुळतील हे ठरवणारं सूत्र) गाऊसियन प्रोसेस ही संख्याशास्त्रीय पद्धत रोजच्या अंदाजासोबत अनिश्चिततेचा पट्टाही देते. पट्टा रुंद असेल तिथे ‘पीक गेलं’ असा शेरा मारायचा नाही, एवढं तरी पाळता येतं.

काळीमाती
साफ असहमत. पट्टा कर्नलच्या लांबीवर (किती दिवसांपर्यंतच्या तारखा एकमेकींशी जोडलेल्या धरायच्या) ठरतो, पिकावर नाही. लांबी ६० दिवस धरा, महिन्याची पोकळीही ‘खात्रीची’ दिसेल. १० धरा, मधला अंदाज थेट सरासरीवर येऊन बसेल, आणि सोयाबीन झपाट्याने वाढतं ते नेमकं तेव्हाच. शिवाय एससीएल मास्कमधून (प्रतिमेसोबत येणारी ढगांची चाळणी) निसटलेला विरळ ढग एनडीव्हीआय खालीच ओढतो. गाऊसियन नॉईज (मोजमापातल्या चुकांचं गृहीतक) मात्र चूक दोन्ही बाजूंना सारखी धरतो. वरच्या मूल्यांकडे झुकवलेलं व्हिटेकर स्मूदिंग (वक्र गुळगुळीत करायची रीत) हे कमी खर्चात सांभाळतं.

मृगधारा
सांभाळतं, पण आपण कुठे चुकू शकतो ते सांगत नाही. नॉईजसाठी स्टुडंट-टी (मोठ्या चुकांनाही जागा देणारं वितरण) घ्या. मग नेमकं सूत्र उरत नाही, लाप्लास अंदाजावर (जवळपासचं उत्तर देणारी रीत) भागवावं लागतं. सरासरी शून्य न धरता मागच्या हंगामांचा वक्र ठेवा आणि पेरणीच्या तारखेनुसार सरकवा. १,००० चौरस किलोमीटरमध्ये १० मीटरचे १ कोटी पिक्सेल होतात. म्हणून बांधालगतचे पिक्सेल वगळून शेतवार मध्यक काढा.

उपग्रहवाचक
दोघांनीही पट्टा तपासायची रीत सांगितली नाही. सुट्या तारखा लपवून चाचणी घेतली तर शेजारच्या तारखा उत्तर फोडतात. सलग ३० दिवस लपवा. ९०%च्या पट्ट्यात लपवलेल्यांपैकी साधारण ९०% मूल्यं पडली पाहिजेत. आणि २५ जानेवारी २०२२ पासूनच्या बेसलाइन ०४.०० मध्ये (सेंटिनेल-२च्या प्रतिमा-प्रक्रियेची आवृत्ती) मूल्यांत १,००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या वर्षांशी जोडलं तर एनडीव्हीआय खोटाच घसरतो, आणि पट्ट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

काळीमाती
हाच माझा आक्षेप. त्यात महसूल मंडळाची सरासरी काढताना लोक शेतांच्या चुका स्वतंत्र धरतात. एकाच ढगाखालची शेतं एकत्रच चुकतात. हजारो शेतांच्या वर्गमुळाने भागलं की पट्टा जवळजवळ नाहीसा होतो, आणि विम्याचा निर्णय त्याच आकड्यावर घेतला जातो. शेतांमधला सहसंबंध मॉडेलमध्ये घालून संपूर्ण मंडळाचे एकत्रित नमुने काढणार असाल, तरच पट्टा छापा.