'कोंबित'ला मराठीत काय म्हणाल? (आणि 'दहाव्या खात्या'चं काय करू?)

तळटीप
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी हैतीवरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. देशात राहिलेल्या आणि देश सोडून गेलेल्या हैतियनांनी एकत्र यावं, एकमेकांना हात द्यावा, असा लेखाचा सूर. लेखकाने मोक्याच्या जागी हैतीच्या क्रेयोल भाषेतले शब्द तसेच ठेवलेत आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

पहिला शब्द 'कोंबित'. शेतकरी शेजारपाजाऱ्यांना बोलावतो, ते कुदळी घेऊन येतात, शंख फुंकला जातो, ढोल वाजतो, गात गात दिवसभरात रान उरकतं आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. आता परदेशातले हैतियनसुद्धा 'चला, मिळून करू' अशा अर्थी हाच शब्द वापरतात. मी 'श्रमदान' लिहिलं. संपादकांनी त्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, 'शाळेचा फलक.'

दुसरा 'मून आंदेयो', शब्दशः बाहेरची माणसं. त्याचं मी 'परदेशस्थ हैतियन' केलंय. आणि परदेशी हैतियनांना एके ठिकाणी 'दहावं डिपार्टमेंट' म्हटलंय, तिथे मी झोपेत 'दहावे खाते' लिहून बसले. हसून झालं की सुचवा.

इरकल
श्रमदान नको ताई. श्रमदानाला फीत कापायला पाहुणा लागतो. तुम्ही वर्णन केलंय ती आमची इर्जिक. माझ्या आज्ज्यानं घातलेली शेवटची इर्जिक मला अंधूक आठवते. तो आजारी, पीक उभं, पाऊस तोंडावर. पंचवीस-तीस माणसं विळे घेऊन आली, एकजण भलरी सांगतोय, बाकीचे ओढतायत, दिवस मावळायच्या आत रान मोकळं. रात्री जेवणावळ. कुणी मजुरी मागितली नाही, कुणी वहीत लिहून ठेवलं नाही. वडील म्हणायचे, ईर्षेनं काम करायचं म्हणून इर्जिक.

अनुस्वार
'ईर्षा'तल्या 'ष'चा 'ज' कुठल्या नियमाने झाला, ते वडिलांनी सांगितलं होतं का?

मूळ प्रश्नाबद्दल: मराठीत 'परस्परसाहाय्य' हा स्वच्छ, अर्थवाही शब्द असताना इर्जिक-बिर्जिक कशाला? निम्म्या वाचकांना तो कळणार नाही. आणि 'कोंबित' तसाच ठेवायचा विचार असेल तर कृपया नको. परके शब्द घेत सुटण्याची सवयच लागली आहे आपल्याला. अनुवादकाने वाचकाला मदत करायची असते, कोड्यात टाकायचं नसतं.

इरकल
'मदत' अरबीतून आलाय, अनुस्वारराव. 'परस्परसाहाय्य' करा की!

चाकरमान्याचा नातू
=))

आमच्या तळकोकणात सावड. भातलावणीला आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. पण इर्जिक आणि सावड एक नव्हे. सावडीत फेड असते. तुमच्या घरची दोन माणसं माझ्या मळ्यात राबली तर माझ्या घरची दोन तुमच्याकडे यायलाच हवीत. नाही आली तर पुढच्या वर्षी कळतं!

अनुस्वार
'हैतीत राहणारे आणि परदेशातले हैतियन यांनी आता सावडायला हवे.' जरा मोठ्याने वाचून पाहा. कोण गेलं, असं विचारतील लोक.

चाकरमान्याचा नातू
हाडं गोळा करणं आणि माणसं गोळा करणं, धातू एकच असेल तर त्यात सावडीचा काय दोष? पण मान्य, क्रियापद करू नका. नाम ठेवा.

इरकल
फेडीच्या कामाला आमच्याकडं पैरा म्हणतात. पैरा फेडावाच लागतो. इर्जिकीत फेड नाही, जेवण आहे. म्हणून ताई, कोंबितात जेवण असेल तर इर्जिकच.

खाचर
जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई म्हणतात. उतारावर दगडमातीचे बांध घालून भातखाचरं काढायची, ती एकट्याच्या बापाच्यानं होत नाहीत. पुढे त्याच नावाची सरकारी योजना आली. शब्द तोच, पण मस्टर आलं आणि गाणी गेली.

रातपाळी
ब्रुकलिनमध्ये नर्स आहे, रात्रपाळीला निम्म्याहून जास्त सहकारी हैतियन. सोळा वर्षं त्यांच्यासोबत काढलीत, तेवढ्या बळावर लिहिते.

तळटीप ताई, आधी ते 'परदेशस्थ' खोडा. 'मून आंदेयो' म्हणजे परदेशातले नव्हेत. ते हैतीतच राहणारे, पण पोर्तोप्रँसच्या बाहेरचे, खेड्यातले. राजधानीतल्या लोकांनी आपल्याच देशातल्या शेतकऱ्यांना 'बाहेरचे' ठरवलं, तो हा शब्द. परदेशात गेलेल्यांसाठी 'लोत बो द्लो' म्हणतात, पाण्यापल्याडचे. म्हणजे लेखातली 'बाहेरची' माणसं दोन जातींची आहेत आणि तुमच्या वाक्यात त्यातली एक गायब झाली. नेमकी जिने कोंबित हा शब्द दिला ती.

परदेशी गेलेल्या माणसालाही ते 'द्यास्पोरा' म्हणतात. एकाच माणसाला. 'ती द्यास्पोरा आलीय' असं. त्यात कौतुक असतं आणि टोमणाही. माझी एक मैत्रीण दर महिन्याला बहिणीला पैसे पाठवते, भाच्यांच्या फिया भरते. सुट्टीत घरी गेली आणि विहिरीच्या कामाबद्दल काहीतरी बोलली, तर सख्खा भाऊ म्हणाला, तू द्यास्पोरा, तुला इथलं काय कळतं. ती हे सांगताना हसत होती, पण पाळी संपेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

चाकरमान्याचा नातू
अहो, हा तर चाकरमानी! डिट्टो. गणपतीला आला की 'इलो मुंबयकार'. त्याच्या मनीऑर्डरवर घराची कौलं बदलायची, त्याच्या ग्रामस्थ मंडळाने देवळाला पत्रे घालायचे, आणि देवळाच्या बैठकीत त्याने तोंड उघडलं की गाववाल्यांच्या कपाळाला आठी. माझ्या आजोबांनी गिरणीत छत्तीस वर्षं काढली आणि गावात शेवटपर्यंत पाहुणेच राहिले. 'द्यास्पोरा'ला चाकरमानी लिहा, कोकणी वाचकाला तळटीप लागणार नाही.

अनुस्वार
आणि उरलेल्या महाराष्ट्राला? शिवाय हैतियन माणसाच्या डोक्यावर गणपती कशाला ठेवता? 'परदेशस्थ' हा शब्द यासाठीच आहे.

रातपाळी
'परदेशस्थ' म्हटलं की माणूस तिथे जाऊन स्थिरस्थावर झालाय असं वाटतं. निम्म्यांचे कागद अजून अधांतरी आहेत.

दहाव्या खात्याचं सांगते. हैतीत तेव्हा नऊ डिपार्टमेंटं होती, म्हणजे आपल्या जिल्ह्या-प्रांतांसारखे विभाग. राष्ट्राध्यक्ष अरिस्तीद यांनी परदेशातल्या हैतियनांना दहावा विभाग म्हटलं, म्हणजे तुम्हीही देशाचा भाग. पुढे २००३ मध्ये निप नावाचा खराखुरा दहावा विभाग झाला, तेव्हा पाण्यापल्याडची मंडळी एक पायरी घसरून अकराव्या क्रमांकावर गेली! लेखात कुठल्या सालाबद्दल चाललंय ते बघून आकडा ठेवा. आणि गंमत म्हणजे देशाचा भाग म्हणायचे तेव्हासुद्धा १९८७ च्या राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मंजूर नव्हतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हैतीचं गेलं. ती अट उठली २०१२ मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीने.

तळटीप
रातपाळी ताई, तुमचे उपकार कसे फेडू? आंदेयोचा घोटाळा छापून आला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आता 'तेत आंसांम', म्हणजे डोकी एकत्र. एकी, एकजूट, एकोपा, ऐक्य, एकता. यातला कुठला? हैतीच्या राजमुद्रेवर 'एकीत बळ' अशा अर्थाचं फ्रेंच वाक्य आहे, त्याच्याशी जुळायला हवा.

खाचर
एकोपा नांदतो. एकजूट कुणाच्या तरी विरुद्ध होते. एकता भाषणात असते.

वेशीबाहेर
ऐक्य चुकूनही लिहू नका. आमच्याकडे ऐक्य दर निवडणुकीच्या आधी होतं आणि नंतर मोजायला पुन्हा गट. (रिपब्लिकन घरात वाढलोय, म्हणायचा हक्क आहे.)

आणि वर इर्जिकीचं जे गोडगोड चाललंय, त्याबद्दल. आमच्या आजीलाही इर्जिकीचं बोलावणं यायचं. विळा सगळ्यांचा सारखा चालायचा. जेवायला मात्र गोठ्यामागे, स्वतःचं ताट घेऊन. आणि आमच्या रानात इर्जिक घालावी म्हटलं तर मुळात रान कुठे होतं? पाटलाने बोलावल्यावर 'नाही' म्हणता येत नसेल तर ती इर्जिक की वेठ? इरकलच्या आज्ज्याबद्दल बोलत नाही, शब्दाबद्दल बोलतोय.

इरकल
वहीत लिहीत नव्हते असं मी वर म्हणालो. पंगतीत कोण कुठं बसलं होतं ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे मला बघायची गरज पडली नव्हती. मान्य.

रातपाळी
वेशीबाहेर, तुम्ही जे म्हणताय तो फरक त्यांच्या भाषेतही आहे. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकेच्या ताब्यात होता. तेव्हा शेतकऱ्यांना पकडून रस्त्यांच्या कामाला जुंपायचे. त्याला कोर्वे म्हणत, वेठच ती. त्याविरुद्ध खेड्यांतली माणसं शार्लमान पेराल्तच्या मागे उठली. त्याला १९१९ मध्ये मारलं. राबणं दोन्हीकडे, पण कोंबिताला माणूस बोलावल्यावर येतो. स्पॅनिश 'कोन्वीते', म्हणजे आमंत्रण, त्यावरून शब्द आल्याचं मांडतात ते म्हणून मला पटतं.

अलीकडचं उदाहरण वानामेंतचं. डॉमिनिकन सीमेवरच्या नदीवर कालव्याचं अडलेलं काम लोकांनी २०२३ मध्ये पुन्हा हाती घेतलं. पलीकडच्या सरकारने सप्टेंबरात सीमाच बंद केली. त्यावर घोषणा निघाली, 'कनाल ला पाप कांपे', कालवा थांबणार नाही. (हे 'पाप' म्हणजे नकार, आपलं पाप नव्हे.) लोक फावडी घेऊन आले, कुणी सिमेंट आणलं, पाण्यापल्याडच्यांनी पैसे पाठवले. आमच्या जेवणाच्या खोलीत पाकीट फिरलं, मीही वीस डॉलर टाकले. ज्या भावाने 'तुला काय कळतं' म्हटलं होतं, तो रोज फोटो पाठवायचा. त्या महिन्यात त्यांना द्यास्पोरा शब्द उच्चारताना मी ऐकलं नाही.

अनुस्वार
उदाहरण हृद्य आहे. पण राजमुद्रेच्या वाक्याला 'एकीचे बळ' हे रूप तयार असताना चर्चा कशाला? हैती स्वतंत्र करणाऱ्या देसालीनला १८०६ मध्ये त्याच्याच लोकांनी ठार केलं, मग उत्तरेत क्रिस्तोफ, दक्षिणेत पेत्यों, देश १८२० पर्यंत दुभंगलेला. त्याच काळात पेत्योंने हे वाक्य झेंड्यावर घेतलं. ज्याच्याकडे जे नसतं ते झेंड्यावर येतं, एवढंच मला दिसतं.

वेशीबाहेर
अनुस्वार, हे तुम्ही चांगलं बोललात. आणि 'ठार'पर्यंत एकही परस्परसाहाय्य आलं नाही.

चाकरमान्याचा नातू
मग आता हे लोक जे करतायत ती सावड की इर्जिक? पैसे पाठवणाऱ्याला फेड हवी असते. पैशांत नाही, बैठकीत बसू द्या एवढीच. म्हणून मी सावडीवर ठाम.

इरकल
पैसे पाठवले म्हणजे बैठकीत बसायचा हक्क आला, मग ती सावड नाही, शेअर घेतले. साखर कारखाना!

रातपाळी
भिशी म्हणा हवं तर. तीही आहे त्यांच्याकडे, 'सोल' म्हणतात. आमच्या पाळीत दहाजणींची चालते, यंदा माझा नंबर फेब्रुवारीत.

बाकी एक जानेवारीला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, कुणी ना कुणी 'सूप जुमू' आणतंच. गुलामांनी रांधायचं पण प्यायचं नाही असं हे भोपळ्याचं सूप, १८०४ पासून ते स्वातंत्र्याचं झालं. युनेस्कोच्या यादीत २०२१ मध्ये आलं.

तळटीप
अरे हो, लेखाचा शेवट त्याच सुपावर आहे! मी 'भोपळ्याचे सूप' लिहिलंय. दुधी वाटेल का कुणाला?

इरकल
डांगराचं सूप लिहा.

वऱ्हाडी ठेचा
गंगाफळ लिहा जी. डांगर कोणाले समजते?

अनुस्वार
तांबडा भोपळा. प्रमाण मराठीत याबद्दल वाद नाही.

खाचर
आमच्यात लाल भोपळा. तांबडं म्हणजे माती.

तळटीप
मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. कोंबितला इर्जिक की सावड की तसंच? आणि दहावा 'विभाग' पक्का ना?

चाकरमान्याचा नातू
इरकल, एक मिनिट. डांगर म्हणजे पापडाचं पीठ. उडदाचं. तेल लावून कच्चं खातात ते. भोपळ्याला डांगर कधीपासून म्हणायला लागलात?