संध्याकाळी पाचला आलेल्याला पूर्ण मजुरी: न्याय की कृपा? (अनुभव लिहा)

सातरस्ता_सलाम
सर्वांना सलाम. रविवारी शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात) मत्तय 20 घेतला (द्राक्षमळ्याचा मालक सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाच वेळा मजूर लावतो, सकाळच्यांशी एक दिनार ठरवतो आणि शेवटी सगळ्यांना तेवढाच देतो) आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं तो प्रश्न आलाच: "मग सकाळी सहापासून जायचंच कशाला?" या प्रश्नावर इतकी वर्षं किती प्रकारची उत्तरं दिली गेली ते सगळं डोक्यात फिरायला लागलं, म्हणून धागा. साक्षी (देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं) नकोत, त्या बुधवारच्या प्रार्थनेत होतातच. शिकवताना, मंडळीच्या (चर्चच्या) कारभारात, घरात हा न्याय-कृपेचा पेच नेमका कुठे अडतो आणि तुम्ही काय करता ते लिहा.

माझ्याकडून सुरुवात. हा दृष्टान्त नुसता वाचून दाखवू नका, मुलांकडून करून घ्या. 15 मुलं, तिघांचे पाच गट. काम: शेंगा फोडून दाणे वेगळे करणं. बारा तासांचा दिवस एका तासात बसवायचा, म्हणजे दृष्टान्तातल्या एका तासाला आपली पाच मिनिटं. पहिला गट लगेच बसतो, मग 15व्या, 30व्या, 45व्या मिनिटाला एकेक, आणि शेवटचा 55व्या. शेवटच्यांना फक्त पाच मिनिटं काम.

पहिल्या गटाला आधीच चिठ्ठीवर लिहून द्या: "प्रत्येकी एक चिक्की." सही घ्या. पुढच्यांना आकडा सांगायचा नाही, "योग्य ते देईन" एवढंच. शेवटच्यांना तेही नाही. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पाचवाल्यांना फक्त "तुम्हीही जा" आहे, मजुरीचा शब्दच नाही. विश्वासावर गेलेले लोक आहेत ते.

आणि वाटप शेवटच्यांपासून. बहुतेक शिक्षक इथेच चुकतात. सकाळवाल्यांना आधी दिलं तर ती चिक्की खाऊन पळतात, भांडणच होत नाही, धडा संपला. मालकाने मुद्दाम उलटा क्रम लावला तो त्यांनी बघावं म्हणूनच.

(एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी घरी विचारा. मग चिंचोके मोजायला द्या, आणि चिक्कीऐवजी राजगिऱ्याचा लाडू.)

शेंगाचटणी
सोलापुरात पोरांसमोर शेंगा ठेवून "खाऊ नका" म्हणायचं? हा अन्याय नाही तर काय ओ 😄

पार्कचौक_पावणेसहा
अक्का, रडणाऱ्या सकाळवाल्यांना शेवटी दया येऊन अर्धी चिक्की जास्त द्यायची का? आमच्याकडे एका शिक्षिकेने दिली.

सातरस्ता_सलाम
नाही!! दिली की चिठ्ठी फाडल्यासारखं झालं. चिठ्ठी परत वाचायला लावा, "ठरल्यापेक्षा कमी मिळालं का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. निदान मिनिटभर गप्प. मुलं स्वतःच म्हणतात, "कमी नाही मिळालं, पण *त्यांना*..." आणि त्या "पण त्यांना"वरच थांबतात. ग्रीकमध्ये मालक विचारतो तेही तेच आहे, मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का? आपल्याकडे दुसऱ्याचं डोळ्यात खुपणं म्हणतात, अगदी तस्सं.

नान्नज_सोनाका
बागायतदार म्हणून एक तांत्रिक मुद्दा. सगळे संदेश सांगणारे "तोडणीची घाई होती" म्हणतात. मजकुरात तोडणी नाहीच, फक्त "द्राक्षमळ्यात काम" आहे. छाटणी असेल, खुरपणी असेल. पण पाच वेळा माणसं आणायला जावं लागलं म्हणजे तोडणी असणार हा अंदाज बरोबर वाटतो. तिकडे द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होतात, ऑक्टोबरपासून पाऊस. आपल्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चात माल, आणि त्यात अवकाळी आला की मणी तडकतात. मग आख्ख्या गावाला एकाच दिवशी मजूर पाहिजे असतात.

दुसरं. आपण खायचा माल सकाळी ऊन चढायच्या आत तोडतो, दुपारी घेतला तर देठ सुकतात. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला पाच वाजता मजूर लावणं वेडेपणाच वाटेल. तिकडचा माल रसासाठी, तुडवायचा, म्हणून शेवटच्या तासालाही उपयोग. पण एका तासात माणूस असे किती घड काढणार? मालकाला त्या तीन-चार पाट्यांची गरज नव्हती. तो माणसांसाठी गेला होता असं मी तरी वाचतो.

विडी_कट्टा
बरोबर. आणि पाचपर्यंत अड्ड्यावर कोण उरतं ते बघा की. आपल्या मजूर अड्ड्यावर नऊ-साडेनऊला तगडे गडी उचलले जातात. नंतर म्हातारं, लंगडं, कडेवर लेकरू असलेली बाई. ते आळशी नव्हते, "आम्हाला कुणी लावलंच नाही" असं ते स्वतः सांगतात. मुलं त्यांना आळशी ठरवतात, तिथे थांबवा.

आमच्या वस्तीत बायकांच्या गटात हा धडा घेताना वेगळीच अडचण येते. विडीचं काम नगावर. 25 ची कट्टी, 40 कट्ट्या म्हणजे हजार, मजुरी हजारावर. त्यात तपासणारा वाईट म्हणून छाटेल त्या विड्यांचे पैसे नाहीत. पान भिजवलं कमी तर चिरतं, जास्त भिजलं तर डाग पडतो, दोन्हीकडून छाट. असं आयुष्य गेलेल्या बाईला "देव मोजत नाही" म्हटलं की तिला ते गोड लागत नाही, *धोका* वाटतो. न मोजणारा मालक म्हणजे बुडवणारा मालक!

म्हणून आधी बायबलमधली लेवीय 19:13 आणि अनुवाद 24:15 ही वचनं वाचतो. मजुराची मजुरी रात्रभर ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो. म्हणजे कष्टाचा पैसा हा हक्क, त्याला कृपा म्हणायचं नाही. हे पक्कं झालं की मग रोम 4:4-5: काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून नाही, देणं म्हणून मोजली जाते. आणि रोम 6:23 ला शेवटी. पापाचं *वेतन* मरण, तिथला ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. पण सार्वकालिक जीवन हे *दान*. एकाच ओळीत पगार आणि दान. हा क्रम उलटा केला तर कारखानदार पण "कृपा" शिकवायला लागतील.

शेंगाचटणी
शेवटचं वाक्य 👏👏

हिशोबनीस
माफ न करणाऱ्या चाकराचा दृष्टान्त (मत्तय 18: राजाने ज्याचं प्रचंड कर्ज सोडलं तो चाकर सोबत्याचं कर्ज सोडत नाही) घेताना आकडे फळ्यावर लिहा, नाहीतर लोकांना "एकाचं मोठं, दुसऱ्याचं छोटं कर्ज" एवढंच कळतं. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालान्त म्हणजे 6,000 दिनार. चाकरावर 10,000 तालान्त, म्हणजे 6 कोटी दिवस. वर्षाचे 300 दिवस काम धरा: दोन लाख वर्षं. आणि त्याच्या सोबत्यावर 100 दिनार, म्हणजे चार महिन्यांची मजुरी. ही रक्कमही काही क्षुल्लक नाही हं, तिथे खरा पैसा बुडालेला आहे. प्रमाण सहा लाखाला एक.

आणि हिशोब लिहिणारा म्हणून सांगतो, सोडलेलं कर्ज हवेत जात नाही. ते देणाऱ्याच्या वहीत बुडीत म्हणून बसतं, तोटा कुणीतरी सोसतोच. रोम 3:26 मध्ये देव न्यायी *आणि* नीतिमान ठरवणारा (पाप्याला निर्दोष धरणारा) असं दोन्ही एकत्र म्हटलंय ते याच हिशोबाने लागतं. वधस्तंभ म्हणजे तोटा धनकोनं स्वतःच्या खात्यावर घेतला.

कोर्टामागची_गल्ली
आता उधळ्या पुत्राकडे (लूक 15: धाकटा जिवंत बापाकडून वाटा घेऊन उधळतो, परत आल्यावर बाप वासरू कापून मेजवानी देतो आणि थोरला रुसतो) वळू, कारण इथे वाटणीवरून लोक फसतात. अनुवाद 21:17 प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. दोनच भाऊ, म्हणजे धाकट्याला 1/3, थोरल्याला 2/3. बापाने "माझं ते सगळं तुझंच आहे" म्हटलं ते नुसतं लाडानं म्हटलेलं नाही, कागदावर खरं आहे. वासरू कापलं तेही थोरल्याच्याच वाट्यातलं! त्याचा राग तिथून वाचा, मग तो खलनायक वाटत नाही.

लोक हे घरी लावतात म्हणून जाता जाता: भारतात ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा. बाप जिवंत असताना मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा नाही, मागताच येत नाही. मृत्युपत्र नसेल तर विधवेला 1/3, उरलेलं मुलगे-मुली *सारखं*. थोरला-धाकटा नाही, "तिच्या लग्नात दिलं की" नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे.

पार्कचौक_पावणेसहा
मुलींना सारखं हे मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवा कुणीतरी 🙏 उधळ्या पुत्राला बहीण असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

नान्नज_सोनाका
बहिणीनंच गुरं राखली असती.

कोर्टामागची_गल्ली
😂 अजून एक. थोरला "हा तुमचा मुलगा" म्हणतो, बाप उत्तरात "हा तुझा भाऊ" करतो. वाचताना या दोन शब्दांवर जोर द्या. आणि थोरला आत गेला की नाही हे लूक सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. नाटकात शेवटी मिठी मारायला लावतात ते काढा.

हिशोबनीस
मंडळीच्या कारभाराबद्दल विचारलं होतं ते राहिलं. समजा खजिनदाराने 40,000 खाल्ले आणि रडून कबूल केलं. नेहमी दोन टोकं होतात: एकतर "प्रभूने क्षमा केली, विषय बंद", नाहीतर जन्मभर कुजबुज. शास्त्रात पायऱ्या आहेत. मत्तय 18:15-17: आधी एकट्याला, मग दोघा-तिघांसमोर, मग मंडळी. गणना 5:7: कबुली, पूर्ण रक्कम, वर पाचवा हिस्सा. म्हणजे 48,000. लेवीय 6:5 मध्ये भरपाई धन्याच्या हाती द्यायची, वेदीच्या अर्पणाच्याच दिवशी. पावती करा, हप्ते असतील तर तारखा लिहून दोघांच्या सह्या. क्षमा लगेच, तिजोरीची चावी नाही. चावी न देणं म्हणजे सूड नव्हे, तेवढं त्याच्या घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं.

जक्कय (लोकांना लुबाडणारा जकातदार) नीट वाचा. लूक 19:8 चं "चौपट परत देतो" सगळ्यांना आठवतं. पण येशू "आज तुझ्या घरी उतरणार" म्हणतो ते 5व्या वचनात, चौपटीचा शब्द निघायच्या *आधी*. परतफेड करून घेतली आणि मग जेवायला आला असं नाही.

दयेची_पायरी
याला जोडून, आणि हे जरा कडक लिहिते. "कृपा" हा शब्द जखम झालेल्याचं तोंड बंद करायला वापरला जातो. मार खाणाऱ्या बायकोला "सत्तर गुणिले सात" वेळा क्षमा कर असं ऐकवतात. ते वचन येशूचा शिष्य पेत्र याने *स्वतःबद्दल* (मी किती वेळा क्षमा करू?) विचारलं म्हणून आलं, दुसऱ्यावर लादायला नाही. तिला आधी सुरक्षित जागा, डॉक्टर, तक्रार. क्षमेचं तिच्या वेळेनं. घाई केली तर ती मंडळी सोडते आणि मारणारा पहिल्या बाकावर बसतो.

लेकराच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. पॉक्सो 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), कलम 19: कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा. पाळक-वडीलजनांनी "आपसात" बैठक घ्यायची नाही.

मेणबत्ती
आमच्याकडे (कॅथलिक) पापनिवेदनाबद्दल गैरसमज: गेलं, सांगितलं, कोरी पाटी. तसं नाही. पश्चात्ताप, कबुली, प्रायश्चित्त आणि फादरांचं पापमोचन, सगळं धरून तो संस्कार. चोरलेलं परत द्यायचंच, परतफेडीचा इरादाच नसेल तर पश्चात्ताप कुठला? फादर ऐकलेलं बाहेर सांगू शकत नाहीत, पण "जाऊन परत दे" हे प्रायश्चित्तातच सांगू शकतात.

आणि कृपेवरून कॅथलिक-प्रॉटेस्टंट भांडण आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, 2006 ला मेथॉडिस्टही आले. आपल्या पुण्यकर्मामुळे नाही, केवळ कृपेने, हे दोघांनाही मान्य.

सेटलमेंट_रोड
कुणी यहेज्केल 18 घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली, पोरांचे दात आंबले, ही म्हण देव *रद्द* करतो तिथे. ज्याचं पाप त्याचं. सोलापुरात हा धडा घ्यायला वेगळं उदाहरण शोधायला नको. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा: जन्माला आला की गुन्हेगार, तारेच्या आत राहायचं, हजेरी लावायची. 1952 ला रद्द झाला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच. माणसाचा "न्याय" नातवंडांपर्यंत पाळत ठेवतो. त्याच अध्यायात (25व्या वचनात) लोक म्हणतात, प्रभूची रीत बरोबर नाही. कशावरून? वाईट माणूस वळला तर देव त्याला जगू देतो, यावरून!

शेंगाचटणी
योना संदेष्टा पण त्यावरूनच रुसला होता. निनवे शहरातले वाईट लोक वळले आणि वाचले म्हणून. आणि देव शेवटी म्हणतो 1,20,000 माणसं आहेत *आणि पुष्कळ गुरंढोरं*. पुस्तक तिथेच संपतं. गुरांवर.

विडी_कट्टा
सावलीचं झाड वाळलं म्हणून मरण मागणारा माणूस. एप्रिलमध्ये सोलापुरात घ्या हा धडा, लगेच पटेल 🥵 हॉलचे पंखे झाले का दुरुस्त?

पार्कचौक_पावणेसहा
दोन झाले. उरलेल्या दोनांचे कपॅसिटर आणायचेत.

नान्नज_सोनाका
अक्का, पुढच्या रविवारी शेंगांऐवजी बेदाणे निवडायला द्या, मी देतो पाच किलो. काड्या काढायच्या आहेतच.

सातरस्ता_सलाम
चालेल की! पण पाच किलो म्हणजे मजुरी काय ते आधी ठरवा, चिठ्ठी तुमच्याच सहीची 😄

नान्नज_सोनाका
जे योग्य ते देईन.

हिशोबनीस
आकडा लिहून घ्या अक्का.