पुन्हा: बोट कुठून टाकायची? (आणि मंडळाचा पंप)

प्रेषक: प्रवीण
विषय: बोट कुठून टाकायची?

मंडळी नमस्कार,
मी अजून गावीच आहे, गोंदिया जिल्ह्यात, एप्रिलपर्यंत. काम अर्जंट आहे म्हणून मंडळाच्या सगळ्या लिस्टला टाकतोय, ज्यांना इंटरेस्ट नाही त्यांनी डिलीट करा. मिनेसोटाहून बोट सोबत आणली हे तुम्हाला माहीतच आहे (गणपतीत त्यावरून जी काय टिंगल झाली ती मी विसरलेलो नाही). १० फुटी, हवेची, बॅगेत बसली, एअरलाइनवाल्यांनी काही म्हटलं नाही.

तर प्रॉब्लेम असा. मागच्या दिवाळीत इटियाडोह धरणाचं पाणी पार रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाला लागलेलं, तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या वेळी इथूनच टाकायची. आता आलो तर उन्हाळी धानासाठी कॅनॉल सुटलेला, पाणी अर्धा किलोमीटर आत गेलं आणि मधात गाळ. वरून खपली धरलेला, पाय ठेवला की गुडघाभर. धरणाच्या भिंतीकडून जावं तर दगडाचं पिचिंग, रबर फाटेल. तिसऱ्या बाजूला बेशरमाच्या झुडपांचं रान. कोणी या भागात बोट टाकली आहे का? नुसतं इटियाडोह नाही, मला हळूहळू अख्ख्या विदर्भाची यादी करायची आहे, आपल्याकडे मिनेसोटात असते तशी.

— प्रवीण, मुक्काम अर्जुनी मोरगावजवळ

---

प्रेषक: वसंत काका

प्रवीण, अरे जवळचा पब्लिक अॅक्सेस (बोट उतरवायची सरकारी जागा) बघ ना. काँक्रीटचा रॅम्प असला की ट्रेलर मागे घ्यायचा, दोन मिनिटांचं काम. आपल्याकडे मिनेसोटात डीएनआरचेच (नैसर्गिक संसाधन खात्याचे) दीड हजारांवर अॅक्सेस आहेत, नकाशात ठिपका असतो, पार्किंग किती गाड्यांचं तेही लिहिलेलं असतं.

दुसरं, १० फुटांपर्यंतच्या बोटीला नोंदणी लागत नाही म्हणून तू मुद्दाम १० फुटी घेतलीस हे तूच पिकनिकला सांगितलं होतंस. पण ती सूट बिनमोटारीच्या बोटीला. तू तिला ट्रोलिंग मोटार (बॅटरीवरची छोटी) लावलीस की ती मोटारबोट, मग लांबी कितीही असो. मी तेव्हाच बोललो होतो, पण तेव्हा सगळे कणसं खाण्यात.

---

प्रेषक: मीनल (कोषाध्यक्ष)

बोटीबद्दल मला काही माहीत नाही. पण बोट हवेची आहे म्हणजे हवा भरायला पंप लागत असणार. मंडळाचा निळा इलेक्ट्रिक पंप (मुलांच्या उड्या मारायच्या घरासाठी घेतलेला) स्टोरेजमध्ये नाही. रजिस्टरमध्ये शेवटची सही प्रवीणची आहे. कृपया कळवावे.

---

प्रेषक: हेमंत पवनीवाला

काका, रॅम्प?? तिकडं विदर्भात ठिपकाबिपका काही नसतो हो. पाणी पाटबंधारेवाल्यांचं, मासा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेचा, काठ कुठं वनखात्याचा अन् कुठं गाळपेर करणाऱ्याचा, आणि गाळात फसलेली ट्रॉली ज्याची त्याची. गाळपेर म्हणजे पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते तिच्यावर लोक लाखोळी, हरभरा पेरतात. प्रवीण, तू बोट ओढत नेशील ती त्याच्या हरभऱ्यातून, मग तो तुले काय बोलंल ते तू पाहा.

विदर्भाच्या यादीत गोसेखुर्द धरण टाकायचं असेल तर मला विचारल्याशिवाय टाकू नको, तो आमचा भाग आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा मी पवनीत शाळेत होतो, आम्हाला झेंडे घेऊन उभं केलं होतं. आता पाणी भरपूर आहे पण नागपूरची सगळी घाण नागनदीतून कन्हानात आणि कन्हानातून वैनगंगेत येते, त्यामुळं जलकुंभी अशी की वरून गाय चालत जाईल असं वाटतं. वल्हं अडकलं तर काढायला दुसरं वल्हं लागते. आणि बुडालेल्या गावांची झाडं पाण्याखाली तशीच उभी आहेत, खुंटं पाण्याच्या जरासे खाली, दिसत नाहीत. रबराच्या बोटीनं तर बिलकुल जाऊ नको. आंभोऱ्याकडं पूल झाला तेव्हापासून सगळे पुलावर सेल्फी काढतात, डोंगेवाल्याला कोणी विचारत नाही, पण ते लोक हुशार आहेत.

---

प्रेषक: शुभदा काकू

हेमंत, झेंड्यांचं वाचून मजा वाटली.

प्रवीण, माझा प्रश्न वेगळा. ही बोट इथल्या मिल लॅक्स तळ्यावर वापरली होतीस का? तिथे झेब्रा मसल आहेत. इतकुसे शिंपले, एकदा तळ्यात शिरले की निघत नाहीत, पाईप बंद करतात. आपण इथे बोट काढताना बुच काढून पाणी सोडायचा कायदा पाळतो, घासतो, वाळवतो, आणि तीच बोट दुसऱ्या देशातल्या धरणात नेऊन टाकायची? तिकडे इटियाडोहात काय अडकेल सांगता येतं का? आधी कोरडी केली होतीस का एवढं सांग. मी पुण्याची असले तरी एवढी काळजी मलाही आहे.

आणि मोटारची बॅटरी विमानात नेलीस की काय? लिथियमची चेक-इनमध्ये चालत नाही.

---

प्रेषक: प्रवीण

काकू, बोट सप्टेंबरपासून बेसमेंटमध्ये उलटी टांगलेली होती, पाच महिने, एक थेंब नाही. आणण्याआधी ब्लीचनं पुसली, बायकोला विचारा, घरभर वास होता. त्यामुळं शिंपल्यांची काळजी नको. बॅटरी आणली नाही, ट्रॅक्टरची काढून लावायची असा प्लॅन होता. पण बाबा म्हणतात रोवणी चालू आहे, चिखलणीला ट्रॅक्टर पाहिजे, तू बॅटरी काढशील तर मी ट्रॅक्टर तुझ्या मोटारनं हाकू का.

इन्व्हर्टरची बॅटरी पाहिली. मला एकट्याला ती उचलली नाही, बोटीला काय उचलेल.

हेमंत, गोसेखुर्द तुझं. मी इटियाडोहचंच विचारतोय. गोठणगाव-प्रतापगडकडून, तिबेटी कॅम्पाच्या बाजूनं कोणी गेलं आहे का? तिकडं रस्ता बरा दिसतो.

---

प्रेषक: देवराम

प्रवीण भाऊ, तिबेटी कॅम्पाकडून रस्ता चांगला आहे, पण रस्ता धरणापर्यंत आहे, पाण्यापर्यंत नाही. १९७२ साली ती वस्ती झाली तेव्हापासून आमचं येणं-जाणं आहे, हिवाळ्यात त्यांचे बरेचसे लोक नागपूर-रायपूरला स्वेटर विकायला जातात. माझ्या मोठ्या भावानं तिथून १९८६ मध्ये घेतलेलं स्वेटर अजून घालतो, मिनेसोटात वजा २० मध्येही चालते. मोमोही चांगले मिळतात. पण मी हे काहून सांगून राहिलो.

यादीच करायची तर नवेगावबांधचं तळं पहिलं लिहा. आमच्या कोहळी समाजानंच बांधलं ते, कोलू पाटील कोहळी यांनी, १८व्या शतकात. ना इंजिनिअर ना सिमेंट. भंडारा-गोंदियात इतकी तळी काहून आहेत ते लोक विचारत नाहीत, नुसतं तलावांचा जिल्हा म्हणतात. पाणी कुठं थांबंल ते कोहळ्याला डोळ्यानं दिसत होतं.

---

प्रेषक: हेमंत पवनीवाला

देवराम, तलाव बांधले कोहळ्यांनी हे मान्य, पण मासा पकडला ढिवरानं, आणि १९५१ मध्ये मालगुजारी (तिकडची जमीनदारी) गेली तेव्हा तलाव सरकारजमा झाले, मग पाळ फुटली की दुरुस्त कोण करते ते सगळ्यांना माहीत आहे. आणि नवेगावबांध यादीत लिहून करायचं काय? तो व्याघ्र प्रकल्प आहे. आपली बोट टाकायचा प्रश्नच नाही. तोतलाडोह धरणाचंही तेच. तिथं पेंच व्याघ्र प्रकल्पात, मध्य प्रदेशच्या बाजूला ३०५ विस्थापित कुटुंबांच्या मासेमारीवरून १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती. ज्यांचं गाव बुडालं त्यांना परवाना मागावा लागला, तू कॅरी-ऑन घेऊन जाशील काय तिथं?

---

प्रेषक: सुहास

कृपया मला या लिस्टमधून काढा. तिसऱ्यांदा सांगतोय.

---

प्रेषक: वसंत काका

सुहास, प्रत्येक मेलच्या खाली लिंक असते.

हेमंत म्हणतो ते मला पटत नाही. पब्लिकच्या पैशानं धरण बांधलं म्हणजे पाणी पब्लिकचं. इथे १६ वर्षांवरच्या माणसानं लायसन्स काढलं की कुठेही गळ टाकावा, कोणी विचारत नाही.

---

प्रेषक: हेमंत पवनीवाला

काका, इथं विकेंडला गळ टाकता तुम्ही, आणि पकडलेला मासा फोटो काढून सोडून देता. तिथं त्याच माशावर घर चालते. संस्थेनं पावसाळ्यात बोटुकली विकत घेऊन सोडली, ती मोठी झाली, आता कोणी पाहुणा येऊन किलोचा कतला ओढून नेईल तर चालंल का? आपल्या हॉलच्या किचनमध्ये बाहेरचं कोणी येऊन श्रीखंड खाऊन गेलं तर मीनलताई काय करतील?

---

प्रेषक: मीनल (कोषाध्यक्ष)

माझं नाव श्रीखंडात घेऊ नका. मागच्या वर्षी खरंच चार डबे कमी आले होते आणि ते अजून सापडलेले नाहीत.

पंपाचं कोणीच उत्तर दिलेलं नाही.

---

प्रेषक: शुभदा काकू

पाच महिने टांगली होती तर ठीक. पण आणखी कोणी नेणार असेल तर त्यानेही वाळवावी, एवढंच म्हणते.

अप्पर वर्धाला आम्ही गेलो होतो, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, माझ्या जावेचं माहेर तिकडे. छान बाग आहे, धरणावर दारं उघडली की लोक गर्दी करतात. बोट टाकता येते की नाही ते बघितलं नाही, आम्ही संत्री घेऊन आलो.

---

प्रेषक: प्रवीण

मंडळी, अपडेट.

तुमच्या चर्चेनंतर मी दोन दिवस नुसता काठाकाठानं फिरलो, मोबाईलवर सॅटेलाइटचा नकाशा उघडून. नकाशा पावसाळ्यानंतरचा आहे, त्यात जिथं पाणी दिसते तिथं मी हरभऱ्यात उभा. शेवटी बाबाच म्हणाले, काहून हिंडून राहिला बापा, नकाशाले काय समजते, ढिवराले विचार. बाबांच्या ओळखीचा एक जण संस्थेत आहे. त्याच्याकडं गेलो, चहा झाला, मग त्यानं एका वाक्यात सांगितलं: डोंगे जिथं बांधलेले दिसतात तिथूनच जा.

साधं आहे पण मला सुचलं नाही. धरण भरायच्या आधीची नदी जिथून वाहत होती तिथं खोली असते. ती जुनी धार जिथं काठाला घासून जाते तिथं पाणी कितीही उतरलं तरी काठाजवळच असते आणि जमीन मुरमाड, गाळ नाही. पाणी उतरत गेलं की डोंगे पुढं सरकतात, म्हणजे रॅम्प दर पंधरा दिवसांनी बदलते. काका, ठिपका लावायचा तर डोंग्यालाच लावावा लागंल.

त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे उचलतात, म्हणून उन्हं वर आल्यावरच यायचं. मोटार लावायची नाही, जाळ्यात पंखा गेला तर भरून द्यावं लागंल (म्हणजे काका, तुमच्या नोंदणीचा प्रश्नही सुटला आणि बाबांचा ट्रॅक्टरही वाचला). आणि गरी टाकायची तर टाका, पण कतला-रोहू लागला तर काठावर वजन करून पैसे द्यायचे, मरळ लागली तर तुमची, कारण ती त्यांनी सोडलेली नसते. मी म्हटलं हाव.

काल उतरवली. एकदम सोपी, पाच पावलं मुरूम आणि पाणी. तीन तास बसलो, पाणकावळे पाहिले, एक मासा लागला नाही. बाजूच्या डोंग्यातला म्हातारा, त्याचा डोंगा माझ्यापेक्षा अरुंद, उभा राहून चालवत होता, मला म्हणतो तुमची गादी बरी आहे, झोप लागते काय?

यादी राहू द्या. प्रत्येक ठिकाणी आधी कोणाकडं चहा प्यायचा तेवढं लिहून ठेवतो.

---

प्रेषक: देवराम

मरळ फेब्रुवारीत अशी लागत नाही. छोटी बेडकी लावली असती तर लागली असती. मी पुढच्या हिवाळ्यात येतो, मला बोटीत जागा ठेवा.

---

प्रेषक: मीनल (कोषाध्यक्ष)

अभिनंदन. बोट उतरली म्हणजे हवा भरली गेली. कशानं भरली?

---

प्रेषक: प्रवीण

मीनलताई, हवा सायकलच्या दुकानात भरली, ट्रॅक्टरच्या टायरला मारतात त्या कंप्रेसरनं, ४० रुपये. पंपाबद्दल तुम्हाला वेगळा मेल करतो.

---

प्रेषक: मीनल (कोषाध्यक्ष)

वेगळा नको. इथेच करा.

---

प्रेषक: प्रवीण

ताई, तो ११० व्होल्टचा होता. इथं २३० असते. मी पिन बदलली, पण पिन बदलून व्होल्ट बदलत नाही हे मला धूर निघाल्यावर आठवलं.

---

प्रेषक: वसंत काका

मी तेव्हाच बोललो होतो.