मदत हवी आहे: दातांसाठी झोपेचं औषध, शनिवारीच बोलावलंय

निशिगंध७: घोडबंदर रोडच्या डेंटिस्टनी सांगितलंय, लेकीचे पाच दात किडलेत, झोपवून एकाच वेळी सगळे करून टाकू. शनिवारी साडेदहाला. सुरक्षित असतं का? लवकर सांगा, उद्या पैसे भरायचेत.

पिंपळपान: वय? वजन? औषध तोंडावाटे की सलाइनमधून? भूल कोण देणार? एवढ्यावरून काय सांगणार?

मानपाडाकर: लाफिंग गॅस घ्या. माझ्या आठ वर्षांच्या मुलाचं त्यावरच झालं. नाकावर मास्क, पोरगं जागं. लगेच घरी.

पिंपळपान: आठ वर्षांचं मूल ऐकतं. लहानगी तोंड उघडून रडत असेल, तर नाकावरचा गॅस आत जाणार कसा?

ओवी_वाशी: दुधाचे दात पडणारच, कशाला हा खटाटोप? रात्रीची बाटली बंद करा आधी.

निशिगंध७: बाटली कधीच सुटली. चार वर्षांची आहे, १४ किलो. मागच्या दाढा आहेत हो, त्या दहा-अकराव्या वर्षी पडतात. रात्री गाल धरून उठते. औषध सलाइनमधून. रिसेप्शनवरून सांगितलं, दूध-बिस्कीट देऊन आणा, म्हणजे रडणार नाही.

भूलतज्ज्ञ_नेरूळ: दूध-बिस्कीट अजिबात नको! दूध, हलकं खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. झोपेत उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. दुसरं, दात करणारा वेगळा आणि मुलीच्या श्वासावर लक्ष ठेवणारा वेगळा हवा. अमेरिकेतल्या बालरोग आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांच्या २०१९च्या सूचनाही गाढ भुलीसाठी हेच सांगतात. ऑक्सिजन, सक्शन (तोंडातली लाळ-उलटी ओढून घेणारी नळी), तिच्या मापाचा मास्क आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) खोलीतच हवी. कॅप्नोग्राफ, म्हणजे प्रत्येक श्वासाची रेघ दाखवणारं यंत्र, आहे का विचारा. श्वास थांबला की त्याची रेघ लगेच सपाट होते, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा मागाहून पडतो.

मानपाडाकर: एवढं विचारलं की डॉक्टर चिडतात. गॅसचंच बघा.

ओवी_वाशी: चिडू देत. लेकरू आपलं आहे.

निशिगंध७: आत्ता फोन केला. "भुलीच्या डॉक्टरांना गरज पडली तर बोलावतो" म्हणाले. पैसे भरत नाही. ठाण्यात लहान मुलांच्या दातांचं काम ऑपरेशन थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ ठेवून कुठे करतात? आणि कालपासून तिचं नाक वाहतंय, खोकलाही आहे. हे चालतं का?

भूलतज्ज्ञ_नेरूळ: हे आधी सांगायचं ना! शनिवार रद्द करा. ताप आहे का?